वन्संचा खांदा

"मास्तर, हा कोट दुखतो."

कोपऱ्यावरच्या न्हाव्याने कोट टेबलावर ठेवला आणि तो दोन पावलं मागे सरकला. कोट उठून अंगावर येईल, असं काहीसं त्याच्या चेहऱ्यावर होतं.

"म्हणजे काचतो," मास्तर म्हणाले. गिऱ्हाइकाचं बोलणं आधी उसवायचं आणि मग नीट शिवायचं, ही त्यांची जुनी सवय. "बगलेत की पाठीवर?"

"काचत असता तर 'काचतो' म्हणालो नसतो का? दुखतो. इथं." न्हाव्याने डाव्या हाताने उजवा खांदा दाखवला. "घातला की थोड्या वेळात ठणका सुरू. आणि काढून ठेवला तरी हा जात नाही. काल एका गिऱ्हाइकाच्या मिशीची एक बाजू कोरली आणि दुसऱ्या बाजूला हातच पोचेना. म्हटलं, उरलेली उद्या."

"मग आला का तो आज?" दाराशी बसून काजं करणाऱ्या मावशीने मान वर न करता विचारलं.

"तुम्हाला हसायला काय जातंय मावशी? आला. बायकोला घेऊन आला भांडायला."

"वय झालं तुमचं. त्याचं खापर कोटावर कशाला फोडता?"

"राहू दे इथं," मास्तर मध्ये पडले. "बघतो मी."

न्हावी गेला. जाताना त्याने दारही डाव्या हाताने ओढलं. मास्तरांनी कोट उचलला आणि वन्संच्या अंगावर चढवला.

वन्सं म्हणजे दुकानातला शिवणाचा पुतळा. मान आहे, डोकं नाही. खांदे आहेत, हात नाहीत. कमरेखाली एक लाकडी दांडा आणि तीन फाकलेले पाय. आत कापूस ठासलेला, वरून जाड मांजरपाट. मास्तरांची बायको लग्न होऊन आली तेव्हा तिने त्या पुतळ्याला पाहताक्षणी वन्सं म्हणून हाक मारली होती. "नणंद असावी तशी उभी असते कोपऱ्यात. काम काडीचं नाही, लक्ष सगळीकडे. पण डोकं नाही, म्हणून आमचं पटतं," असं ती आल्यागेल्याला सांगायची. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. नाव तेवढं राहिलं. कोट बाईचा असो की बाप्याचा, मास्तर त्याचा खांदा वन्संच्या खांद्यावरच बसवत. माणूस पोक काढतो, छाती फुगवतो, खोटं बोलतो. वन्सं तसलं काही करत नाही, असं त्यांचं म्हणणं.

मास्तर मागे सरकून बघू लागले. कॉलर सरळ, पाठ सरळ. उजवा खांदा मात्र पडलेला. त्यांनी कोट काढला. आतला मांजरपाटही तसाच पडलेला होता. कोटाची काही चूक नव्हती. वन्संचाच खांदा खाली आला होता.

त्यांनी गळ्यातली टेप काढली आणि वन्संच्या मानेपासून खांद्यापर्यंत धरली. टेप टेकली मात्र, तो खांदा जरासा मागे सरला. गार हात लागल्यावर गिऱ्हाईक सरकतं, तसा.

"मावशी, टेबलाला धक्का दिलात का?"

"मी कशाला देऊ? मी इथं, टेबल तिथं. माझे हात काय एवढे लांब आहेत?"

मास्तरांनी टेप गुंडाळून खिशात ठेवली. त्या दिवशी त्यांनी पुन्हा माप घेतलं नाही.

वन्संच्या खांद्याचं हे प्रकरण खरं तर मास्तरांच्या खांद्यापासून सुरू झालं होतं. उभा जन्म लोखंडी कातर चालवून त्यांचा उजवा खांदा कामातून गेला होता. हात छातीच्या वर जाईना. शर्टाची वरची बटणं मुलगी लावून द्यायची. कातर दोन्ही हातांनी धरावी लागे, आणि एकदा तर सरळ रेघेत कापलेलं कापड वाकडं निघालं. मास्तरांनी ते कापड गुपचूप घडी करून पेटीच्या तळाशी घातलं होतं. शेकून झालं, गोळ्या झाल्या, भलीमोठी इंजेक्शनं झाली. इंजेक्शनाने खांदा चार दिवस गप्प बसायचा आणि पाचव्या दिवशी व्याजासकट बोलायचा.

शेवटी मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना पडद्यावर खांद्याचं चित्र दाखवलं. "स्नायू हाडाला बांधून ठेवणारी ही दोरी. कंडरा म्हणतात हिला. तुमची बघा, कुरतडल्यासारखी झालीय."

"दोरा विरलाय," मास्तर म्हणाले.

"अगदी तसंच. आमच्याकडे एका नव्या उपचाराची चाचणी चाललीय. तयार असाल तर तुमचं नाव घालते." बाईंनी चिमट्याने एक पारदर्शक चकती उचलली. पोस्टाच्या तिकिटाएवढी. "हा पॅच. याच्या खालच्या अंगाला सुया आहेत. केसाहून बारीक. दिसणार नाहीत, टोचणार नाहीत."

"न टोचणारी सुई?" मास्तरांना हसू आवरेना. "मग ती शिवते कशी?"

"शिवत नाही. कातडीत शिरते आणि विरघळते. तिच्यात औषध भरलेलं असतं, ते खाली कंडरेपर्यंत झिरपतं. घरच्या घरी लावायचा, घरच्या घरी काढायचा."

"सुई आत राहते?"

"राहत नाही, विरघळते."

"पण बाहेर येत नाही."

"विरघळल्यावर कशी येईल मास्तर?"

मास्तरांनी नाव घालायला सांगितलं, पण ते त्यांना पटलं नव्हतं. त्यांच्या धंद्यात आत गेलेली आणि बाहेर न आलेली सुई म्हणजे महापाप. दुकान बंद करण्याआधी मावशी सुया मोजायची. एक कमी भरली तर त्या दिवशी शिवलेला एकही कपडा दुकानाबाहेर जात नसे. लोहचुंबक फिरवून, केर चाळून ती सुई हुडकायची आणि मगच कुलूप लावायचं. मास्तरांच्या दुकानातून सुई राहिलेला कपडा कधी कुणाच्या अंगावर गेला नव्हता. गावात त्यांच्याहून फॅशनेबल शिवणारे होते, स्वस्त शिवणारे होते. मास्तरांचं नाव होतं ते एवढ्यासाठी.

"वापरलेली चकती दुमडून झाकणाच्या डब्यात टाकायची," बाईंनी बजावलं होतं. मास्तर हो म्हणाले होते. पण हात कुठे ऐकतात? त्यांच्या उस्तादांनी शिकवलं होतं की सुई मोडकी असो, गंजकी असो, केरात जायची नाही; केरातली सुई कुणाच्या तरी तळपायात निघते. मोडकी सुई पुतळ्यात खोचायची. पुतळ्याला काही होत नाही. मास्तरांनी पहिली चकती काढली, भिंगाखाली धरली. पिकं कापल्यावर शेतात खुंट राहावेत तसे बारीक खुंट तिच्यावर दिसले. म्हणजे सुईच ती, अर्धी का होईना. त्यांनी ती वन्संच्या खांद्यावर चिकटवली आणि हाताने दाबून बसवली. आपला उजवा, म्हणून तिचाही उजवा. पुढची चकती तिच्याशेजारी. मग तिसरी. उजव्या खांद्यावर माशाच्या खवल्यांसारखी चकत्यांची रांग झाली.

आणि मास्तरांचा खांदा सुधारला. नुसता सुधारला नाही, तरुण झाला. ते कारण नसताना हात वर करू लागले. रस्त्यात उभे राहून हात डोक्यावर नेऊन बघायचे. त्यापायी दोन बसगाड्या त्यांच्यासाठी थांबल्या आणि ड्रायव्हरच्या शिव्या खाऊन मास्तर खुशीत घरी आले. कातर पुन्हा एका हातात आली. कापड तिच्यापुढे लोण्यासारखं दुभंगू लागलं. त्या भरात त्यांनी तीन कपडे शिवले, जन्मात शिवले नाहीत असे. न्हाव्याचा कोट, शाळेतल्या गणिताच्या बाईंचा कोट, आणि सगळ्यांत शेवटी, जीव ओतून, मुलीचं जाकीट. तिन्हींचे खांदे वन्संवर बसवले.

न्हावी येऊन गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मावशी जेवायला गेली होती. रस्ता निपचित पडला होता. मास्तर एका अस्तराला टाचण्या लावत बसले होते. मागे काहीतरी पडलं.

टिक.

फरशीवर टाचणी होती. वन्संच्या उजव्या खांद्यात त्यांनी सकाळी खोचून ठेवलेली. सैल झाली असेल, म्हणून त्यांनी ती उचलून पुन्हा खोचली, चांगली मुळापर्यंत. आणि वळायच्या ऐवजी तिथेच उभे राहिले.

टाचणी हळूहळू बाहेर येऊ लागली. कुणी आतून अंगठ्याने लोटावी तशी. आधी डोकं वर आलं, मग दांडी, मग सगळी टाचणी कलंडून खाली पडली. टिक. डाव्या खांद्यात खोचलेल्या टाचण्या जागच्या हलल्या नव्हत्या.

मास्तरांनी तळहात त्या चकत्यांवर ठेवला. कापूस गरम होता. तापलेल्या माणसाचा असतो तसा गरम, आणि आत काहीतरी ठणकत होतं. तो ठणका त्यांच्या परिचयाचा होता. एक मोठा, मग दोन लहान, मग जरा उसंत. वर्षानुवर्षं त्यांनी तो ठणका कुशीत घेऊन झोपायचा प्रयत्न केला होता. आपल्या घरातलं माणूस दुसऱ्याच्या खिडकीत दिसावं तसं त्यांना झालं.

त्याच संध्याकाळी त्यांनी दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाईंनी त्यांचा हात वर केला, मागे नेला, फिरवला. "अहो, झकास! विशीतली कंडरा आहे ही."

"बाई, एक विचारू? दुखणं जातं कुठं?"

"म्हणजे?"

"माझं होतं. आता माझ्याकडे नाही. मग कुठं गेलं?"

बाई मनापासून हसल्या. "दुखणं म्हणजे काय पार्सल आहे मास्तर, कुठं तरी पोचायला? बरं झालं म्हणजे संपलं."

मास्तरही हसले. पण बाहेर पडले ते थेट दुकानात, आणि त्यांनी न्हाव्याचा कोट स्वतःच्या अंगात घातला. खांद्यात कुठे खेच पडते ते कळावं, एवढ्याचसाठी. उजवी बाही चढली आणि ठणका आत शिरला. एक मोठा, दोन लहान, उसंत. दारातून नेहमीचा भाडेकरू यावा तसा शिरला आणि आपल्या जागी बसला. मास्तरांनी घाईने कोट काढून फेकला. कोट निघाला. ठणका राहिला.

सकाळी दुकान उघडतात तो रस्त्याच्या पलीकडून न्हाव्याने हाक मारली. त्याच्या उजव्या हातात वस्तरा होता आणि तो तलवारीसारखा फिरवत होता. "मास्तर! काय केलंत हो कोटाला? रात्रीत हात मोकळा झाला!"

मास्तरांनी त्याला हात दाखवायला हात वर केला. तो खांद्याच्या रेघेपर्यंत गेला आणि थांबला.

वन्संचा खांदा थोडासा वर आला होता.

मास्तर खुर्चीत बसले. उलगडा होत होता, आणि तो होऊ नये असं त्यांना वाटत होतं. न्हावी झाला. राहिल्या गणिताच्या बाई. आणि मुलगी.

मुलगी अग्निशमन दलात शिकत होती. वडिलांनी शिलाईचं शिक म्हटलं तर तिने सुई हातात धरली नाही, पण दोर धरला की माकड मागे पडेल अशी चढायची. दुसऱ्या दिवशी सकाळी तिची शेवटची परीक्षा होती. सरावाच्या मनोऱ्यावर दोराने चौथ्या मजल्यापर्यंत जायचं आणि माणसाच्या वजनाचं पोतं उजव्या खांद्यावर टाकून खाली आणायचं. मागच्या खेपेला एकाचा हात मधेच सुटला होता. तो आता खुर्चीवरून उठत नाही.

त्या संध्याकाळी ती दुकानात आली ती जाकीट घालूनच. मावशीने चहाचा कप पुढे केला. मुलीने तो डाव्या हाताने घेतला.

"उजव्या हाताला काय झालं?" मास्तरांनी विचारलं.

"कुठं काय?"

"कप डाव्या हातात का?"

"बाबा, आता कप कुठल्या हातात धरायचा याचीही परीक्षा आहे का?"

"दे ते जाकीट इकडे. खांदा जरा नीट करतो."

"परीक्षेनंतर करा. मस्त बसलंय. आणि ऊब मिळते हो. मी तर झोपतेही यातच." बोलताना तिने नकळत उजव्या खांद्यावर हात फिरवला. ऊब कशाला लागत होती, ते ती सांगणार नव्हती. खांदा दुखतो असं दलात कळलं तर तिला मनोऱ्याच्या जवळही उभं केलं नसतं.

"पोरी, ऐक माझं. त्यात माझं दुखणं आहे. वन्संमधून उतरलंय ते."

मुलीने कप खाली ठेवला. तिच्या चेहऱ्यावर आधी हसू आलं आणि मग ते गेलं. "बाबा, तुम्ही घाबरलायत, कळतंय मला. आई असती तर तीही घाबरली असती. पण वन्संला मध्ये आणू नका. मला हसू येतं, आणि उद्या दोरावर हसू आलं तर पंचाईत होईल."

आणि ती गेली.

रात्री जेवताना मास्तरांनी पुन्हा विषय काढला. ती उठून गेली. जाकीट अंगावरच होतं.

सकाळी परीक्षेआधी मास्तर शाळेत पोचले. गणिताच्या बाई शिक्षकांच्या खोलीत होत्या, अंगात तो कोट, आणि उजवा हात गळ्यातल्या झोळीत. बाकीची शिक्षकमंडळी चहा पीत होती.

"बाई, कोट द्या जरा."

"छे हो! एवढा सुंदर कोट. हाताचं म्हणाल तर तो फळ्यावर लिहून लिहून—"

दुखण्याची गोष्ट सांगितली तर काय होतं, ते मास्तरांनी आदल्या संध्याकाळी पाहिलं होतं. बाई कोट काढतील असं एकच वाक्य त्यांना ठाऊक होतं. ते जन्मात त्यांच्या तोंडून गेलं नव्हतं.

"त्यात सुई राहिलीय," ते म्हणाले.

खोलीतले कप खाली आले. बाईंनी कोट असा उतरवला की आत विंचू असावा.

"तुमच्या हातून, मास्तर?" कुणीतरी म्हणालं. "कमाल झाली."

"माझ्याच हातून."

बाहेर व्हरांड्यात त्यांनी तो कोट अंगावर ओढला. ठणक्याचा दुसरा वाटा आला. आत खोलीत बाईंनी झोळीतून हात काढला आणि चकित होऊन त्याची बोटं उघडमीट करून पाहिली. मास्तर ते बघायला थांबले नाहीत. त्यांचा हात आता छातीच्या वर जात नव्हता.

कोट टाकायला ते दुकानात आले तोवर बातमी त्यांच्या आधी पोचली होती. एक शिक्षक दाढीला न्हाव्याकडे बसला होता, आणि न्हाव्याच्या दुकानात शिरलेली बातमी गावभर जायला दाढी पुरी व्हावी लागत नाही. मावशी दारात उभी होती. तिच्या हातात सुयांची डबी होती.

"मोजा," ती म्हणाली.

"मावशी—"

"मोजा म्हणते ना. काल संध्याकाळी पुऱ्या भरल्या. परवा भरल्या. ज्या दिवशी बाईंचा कोट गेला त्या दिवशीही भरल्या. माझ्या मोजणीतून सुई सुटली म्हणता तुम्ही? चार लोकांत?"

"माझ्या हातून राहिली, असं सांगितलंय. तुमचं नाव घेतलं नाही."

"माझं नाव घ्यायला कशाला हवं? सुया कोण मोजतं ते गावाला ठाऊक नाही?" तिने डबी त्यांच्यापुढे धरली. "का खोटं बोललात ते तरी सांगा."

मास्तरांनी वन्संकडे पाहिलं. मावशीनेही पाहिलं. वन्संचा उजवा खांदा अजून बोटभर खाली होता. सकाळी तिचा चेहरा असता तर तो भिंतीकडे असता. मास्तरांना पक्कं आठवत होतं, त्यांनीच तिला तशी फिरवून ठेवली होती. आता ती रस्त्याकडे वळून उभी होती. तिच्या पायांनी फरशीवर गोल ओरखडा उमटवला होता.

मावशीने डबीचं झाकण लावलं. "जा," ती हळूच म्हणाली. "पोरगी चढायच्या आत जा. मी बसते हिच्यापाशी."

मैदानावर दलाची सगळी माणसं गोळा झाली होती. मनोरा मधोमध, नुसता विटांचा, खिडक्यांच्या जागी भोकं. हवेत गारवा होता. मुलगी दोराखाली उभी होती. जाकिटावरून कमरेचा पट्टा आवळायला तिने घेतला होता आणि तो आवळताना तिचा ओठ दाताखाली गेला होता. मास्तरांना तो ओठ लांबून दिसला. कातर उचलताना त्यांचाही ओठ तसाच जायचा.

"थांबवा!" ते ओरडले.

दलाचे प्रशिक्षक वळले. मिशीवाले, धिप्पाड. "कोण तुम्ही?"

"बाबा, नको," मुलगी म्हणाली. "बाबा, प्लीज. इथं नको."

"मी शिंपी. हे जाकीट मी शिवलंय." मास्तरांनी एकदा श्वास घेतला. "यात सुई राहिलीय."

मैदानावर कुजबुज झाली. मुलीने बापाकडे पाहिलं. शाळेतल्या बाईंना या वाक्याचा अर्थ कळला होता त्याहून तिला जास्त कळला. लहानपणी एक सुई हरवली म्हणून बापाने तिच्या वाढदिवसाचा फ्रॉक रात्रभर कुलपात ठेवलेला तिने पाहिला होता. हा माणूस मान कापून देईल, पण असं कधी म्हणणार नाही.

"कुठं राहिलीय?" प्रशिक्षकांनी विचारलं.

"उजव्या खांद्यात. किंवा सरकलीही असेल."

"आणि वरून पट्टा आवळायचा? अहो, बरगडीत जाईल! काढ ते आधी. काय शिंपी आहात का कोण आहात? हिचा जीव गेला असता."

"हो," मास्तर म्हणाले.

मुलीने जाकीट उतरवलं. बापाच्या हातात देताना तिने ते क्षणभर सोडलं नाही. "यात सुई नाही," ती फक्त त्यांना ऐकू जाईल असं म्हणाली.

"मास्तर तू की मी?"

तिने सोडलं.

मास्तर घोळक्याच्या मागे गेले. उजवा हात बाहीत घालायला डाव्या हाताने तो उचलावा लागला. जाकीट बाईमाणसाचं, त्यांना आखूड. बाह्या कोपराच्या जरा खाली येऊन संपल्या. दोन तरुण पोरं त्यांच्याकडे बघून एकमेकांना ढुशा देऊ लागली. मग तिसरा वाटा आला, आणि पोरं दिसेनाशी झाली. हा वाटा मोठा होता. पोरीने तो अंगावर घेऊन खाल्लं होतं, झोपली होती, दोर ओढला होता. तो तिच्या वयाचा, ताकदीचा होऊन परत आला. मास्तरांनी मैदानाच्या कठड्याला पाठ टेकली आणि डोळे मिटले. आता कातर उचलायची नाही, हे त्यांना तिथेच कळलं. कुणी सांगावं लागलं नाही.

डोळे उघडले तेव्हा दोर थरथरत होता. मुलगी दुसऱ्या मजल्याच्या वर होती. तिने उजवा हात वर फेकला, धरला, शरीर वर खेचलं. मध्येच थांबली. तिने खांदा एकदा गोल फिरवला, आपलाच आहे ना याची खात्री केल्यासारखा. आणि मग ती अशी चढली की खालच्या माणसांना माना मागे टाकायला वेळ पुरला नाही.

त्या वेळी दुकानात काय झालं ते मावशीने नंतर कुणाला शपथेवर सांगितलं, कुणाला सांगितलं नाही. ती म्हणे काज करत बसली होती आणि तिच्या मागे कुणीतरी हुश्श केलं. लांबच्या वाटेने येऊन ओझं उतरवल्यावर बाई करते तसं. ती वळली तर वन्संचे दोन्ही खांदे सरळ होते आणि उजवीकडच्या चकत्या एकेक सुटून, वाळलेल्या पानांसारख्या, फरशीवर पडत होत्या. मावशीने त्या झाडल्या, झाकणाच्या डब्यात टाकल्या, आणि मग सुया मोजल्या. पुऱ्या भरल्या.

मैदानावर टाळ्या संपल्या. मुलगी पोतं टाकून घामेजलेली, लालबुंद होऊन बापापाशी आली. घाम गार होऊ लागला तशी ती कुडकुडली. "बाबा, द्या ते जाकीट. थंडी वाजतेय."

"नाही देणार."

"अहो, नुसतं खांद्यावर टाकते."

"नाही म्हटलं ना. उसवायचंय ते."

तिने बापाकडे नीट पाहिलं. आखूड बाह्या, पांढरे पडलेले ओठ, आणि नको असलेल्या सामानासारखा बाजूला लोंबणारा उजवा हात. तिने पुढे केलेला हात मागे घेतला. कुणीतरी तिच्या अंगावर दलाची जाड घोंगडी फेकली. प्रशिक्षक म्हणाले, "घरी जा आता. आणि शिंपी बदल."

दोघं निघाली. बाजारात गर्दी होती. न्हाव्याच्या दुकानातून दोन-तीन तोंडं बाहेर आली. बायकी जाकीट घातलेला म्हातारा आणि घोंगडीत गुंडाळलेली पोरगी बघून ती तशीच उघडी राहिली. मास्तर समोर बघून चालत होते. एक हमाल पेटी घेऊन त्यांच्या उजव्या अंगाने घासत जाऊ लागला, तशी डावीकडून चालणारी मुलगी पावलं न मोडता त्यांच्या मागून आली आणि उजवीकडे झाली. पेटी तिच्या दंडाला लागून गेली. घर येईपर्यंत ती त्याच बाजूने, त्यांच्या खांद्यापासून वीतभर अंतर ठेवून, चालत राहिली.